करीमभाईंच्या पेटीतल्या व्हिस्क्या

आमच्या घराण्यातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्याआधी पलटणीत होतो. शाळा सगळी उर्दूतून झाली. मराठी घरात आणि पलटणीत बोललो तेवढीच. अशा माणसानं लेख लिहावा, तोही व्हिस्कीवर, आणि तीही स्वतः कधी न पिता, हे धाडसच आहे. वाचणाऱ्यांनी माफ करावं. वर्गातल्या मित्रांनी लढाईची हकिकत मागितली होती. मला लढाईतलं सगळ्यात आधी आठवतं ते हे.

इटलीत, जर्मनांसमोर, आमची पलटण एका नदीच्या अलीकडे होती. मी लान्स नाईक, वायरलेस ऑपरेटर. माझा सेट एका शेतकऱ्याच्या दगडी घरात होता आणि शेजारच्या खोलीत ऑफिसर्स मेस. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात सज्ज राहायचं, मग सेट तपासायचा, बॅटऱ्या चार्जिंगला द्यायच्या, मग ड्यूटी. ड्यूटी संपली की मी मेसच्या दारात जाऊन बसायचो, कारण तिथं हवालदार करीम होते. ते भूमकडच्या ईट गावचे, मी कळंबजवळचा. इटलीत एवढं अंतर म्हणजे एकच गल्ली.

करीमभाई मेस हवालदार. पाच वक्ताचे नमाजी. दारूचा थेंब कधी तोंडाला लावला नाही, पण मेसच्या सगळ्या बाटल्यांची पेटी त्यांच्याच ताब्यात. कुणी यावरून चिडवलं की म्हणायचे, "म्हणून तर माझ्या हवाली केली. तुझ्या हवाली केली असती तर पेटी रिकामी अन् तू भरलेला."

एका दुपारी ते एक बाटली हातभर लांब धरून बी कंपनीचे कमांडर कॅप्टन रीड यांच्यासमोर उभे राहिले.

"साहेब, ही बिगडली. दवाखान्याचा वास मारतीय. फेकून देऊ?"

कॅप्टनसाहेब खुर्चीतून उठलेच. त्यांनी मराठी मुन्शीकडून आणि जवानांकडून शिकलेली, म्हणून निम्मी पुस्तकी आणि निम्मी आपल्याकडची.

"हवालदार, थांबा! एक थेंब सांडू नका!" त्यांनी वास घेतला. डोळे मिटले. "बिघडली न्हाय. ही जन्मापासून अशीच हाय."

त्यांनी मग आम्हा दोघांना समजावून सांगितलं. स्कॉटलंडच्या बेटांवर लाकूड कमी. तिथले लोक दलदलीतली काळी माती कापून, वाळवून जाळतात. मोड आलेलं जव त्या धुरावर सुकवतात. तो धूर दाण्यात शिरतो आणि कितीतरी वर्षं पिंपात राहूनही जात नाही. त्यांनी ग्लास माझ्यापुढे धरला. "पिऊ नको. तोंड थोडं उघडं ठेव आणि हुंग." आधी आयोडीन नाकात गेलं. मग त्याच्या मागून हुरड्याची आगटी आली, सकाळी दव पडून विझलेली. मी थक्क झालो. जो समुद्र मी पाहिला नाही, त्याच्या काठच्या धुरात आमचं शेत कसं आलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

त्या दिवसापासून मी पाहत राहिलो. पलटणीचे डॉक्टरसाहेब अमेरिकन व्हिस्कीचे भक्त. ती मक्याची, आतून जाळलेल्या कोऱ्या पिंपात ठेवलेली, म्हणून गोडसर. कॅप्टनसाहेब म्हणायचे, "डॉक्टर, ही व्हिस्की हाय का काकवी?" डॉक्टर म्हणायचे, "तुमच्या बाटलीनं मी जखमा धुतो." आयर्लंडची तीनदा गाळलेली, मऊ, ती दोघांनाही चालायची. रंगावर कुणी भरवसा ठेवत नसे. आधी वास, मग एक घोट, मग पाण्याचे दोन-चार थेंब, आणि मग वाट पाहायची. पाणी पडलं की वास उलगडतो म्हणे. आमच्याकडे शिंदी किंवा मोहाची, आणि निवड एवढीच की मिळाली की नाही. पेल्यापुढे माणसं इतकी शांत बसतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

एकदा मी भीत भीत विचारलं, "साहेब, सगळ्यात चांगली कोणती?"

"दिवस कसा गेला, ते आधी सांग. मग बाटली सांगतो."

मेसचा एक रिवाज होता. हल्ल्याला जाण्यापूर्वी कुणी पीत नसे. परत आल्यावर कोणती हवी, ते करीमभाईंना सांगून जायचं. नदी ओलांडायच्या सकाळी करीमभाईंनी विचारलं, तेव्हा कॅप्टनसाहेब म्हणाले, "दिवस बघू. आल्यावर सांगतो."

बी कंपनी पलीकडे पोचली आणि तिथंच अडकली. नावा फुटल्या. काठाकडे डोकं वर काढलं की गोळी, म्हणून नदी मागे असून पाणी नाही. ऊन चढलं. माझ्या सेटवर बेकरचा, म्हणजे बी कंपनीचा, आवाज आला.

"हॅलो, बेकर बोलतोय. पाणी पाठवा. जखमी फार. ओव्हर."

पाणी नेणारे दोघे काठावरच पडले. करीमभाईंनी मेसचे दोन डबे भरले. मी म्हणालो, "करीमभाई, हे तुमचं काम नाही."

"पाजायचंच काम हाय न्हवं माझं?" म्हणाले आणि एका फुटक्या नावेला धरून पलीकडे गेले.

बऱ्याच वेळानं सेट बोलला. कॅप्टनसाहेब मराठीत बोलत होते.

"पाणी मिळालं. हवालदार म्हणतो, 'साहेब, आजच्या दिवसाला हेच.' बरोबर निवडलं त्यानं. ओव्हर."

"रॉजर, साहेब. ओव्हर."

त्यानंतर तोफा सुरू झाल्या. मी बेकरला हाका मारत राहिलो. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनसाहेबांना स्ट्रेचरवर अलीकडे आणलं. जखमींच्या ड्रेसिंग स्टेशनच्या वाटेवरच ते वारले. करीमभाई सापडले नाहीत. त्यांच्या नावापुढे 'मिसिंग' लागलं. आठवड्याच्या आत पलटण पुढे हलली.

लढाई संपल्यावर मी ईटला गेलो. करीमभाईंच्या अम्मांनी मला बाजेवर बसवलं, चहा दिला. मुलगा परत येणार नाही, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. त्यांना दुसरंच खात होतं.

"बेटा, लोकं म्हणत्यात, त्यो दारू वाटायचा."

"अम्मा, वाटायचे. प्याले कधीच नाहीत. मी शेजारीच होतो."

"ते मला ठाव हाय. माझंच पोरगं हाय त्ये." त्यांनी पदर सावरला. "पर त्याच्या मातीवर कुणी नमाज पढली का? का तसाच पडला?"

मी म्हणालो, विचारून सांगतो. चहा तसाच राहिला. पुढे मी रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केले, भेटेल त्या जवानाला विचारलं. कॉलेजात आलो तरी विचारत राहिलो.

परवा सुट्टीत कळंबच्या बाजारात आमच्या पलटणीचे एक सुभेदार भेटले. पेन्शनवर आलेत. त्यांनी सांगितलं: आपण पुढे गेल्यावर मागून एक पंजाबी पलटण आली. तिला पलीकडच्या काठावर, बांधाच्या आडोशाला करीम सापडला. गळ्यातल्या बिल्ल्यावर नाव होतं. त्या पलटणीच्या मौलवीसाहेबांनी जवानांची रांग उभी केली, जनाज्याची नमाज पढवली आणि त्याला तिथंच दफन केलं.