ओल्या दोराचे मामा

आमच्या प्रयोगशाळेत घाई चालायची नाही, कारण ताण देण्याचं मशीन तिथले मदतनीस असलेल्या मामांच्या ताब्यात होतं. दोर जबड्यात पकडून ताण दिला की मी लगेच वही उघडायची आणि मामा हात आडवा धरायचे. "थांब गो. त्याला दम खाऊ दे." ताणलेला नायलॉनचा दोर नंतरही हळूहळू लांबत राहतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. म्हसळ्याकडून दहावी होऊन आलेल्या मामांनी ते मशीनसमोर उभं राहून ओळखलं होतं. पोरं त्यांना मागे 'दममामा' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं, असा माझा पक्का संशय आहे.

तुटलेला नमुना ते कधी फेकू देत नसत. तुटकी टोकं बोटांत चुरून बघायचे आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे. "गेलेल्या माणसाचं तोंड बघतो ना आपण? तसं हे."

लाँच धक्क्याला बांधायचे दोर किती ताणतात आणि कधी तुटतात, हे माझं संशोधन. दोन वर्षं मोजमाप करून मी प्रबंध लिहायला बसणार, तेवढ्यात मामांनी चहा पिता पिता विचारलं, "बाय, मांडव्याच्या धक्क्यावर तुझा दोर कोरडा राहतो व्हय?"

मी गार पडले. नायलॉन पाणी पितो, भिजला की जास्त ताणतो आणि लवकर तुटतो. मी मात्र एकूण एक दोर एसीच्या खोलीत, खडखडीत कोरडा मोजला होता.

"आधी का नाही बोललात?" मी ओरडलेच.

"मला वाटलं, आधी कोरडे मोजतेस, मग भिजवशील. चुकलंच माझं."

शिष्यवृत्तीचे चारच महिने उरले होते. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. मामा समोर बसून राहिले. "दम खा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी स्कूटरला समुद्राच्या पाण्याचे दोन कॅन बांधून हजर! पुढचे तीन महिने एकही रविवार त्यांनी घरी काढला नाही. गणपतीलासुद्धा दीड दिवसात परतले. माझ्या नावाआधी आज डॉक्टर लागतं, ते या माणसामुळे.

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. मी परराज्यात होते, तेराव्यालाही पोचू शकले नाही. महिन्याने त्यांच्या गावी गेले, तर अंगणात कपडे वाळत घातलेला दोर ओळखीचा वाटला. मधोमध एक गाठ होती.

"तुझाच हाय," मामी म्हणाल्या. "पहिला ओला दोर तुटला, तो. नवी दोरी बांधू दिली न्हाय त्यांनी. म्हणायचे, ही आमच्या बायची डिगरी हाय."

मामांचं तोंड मला बघायला मिळालं नव्हतं. गाठीशी निघालेली तुटकी टोकं मी बोटांत चुरत उभी राहिले. परतीची एसटी चारची होती. ती मी जाऊ दिली.