मावशी ऑनलाइन

एका जागी बसून लिहिणं हे माझं काम आहे, आणि एका जागी बसणं मला जमत नाही. कामशेतच्या बाजारपेठेत तांदळाच्या दुकानावर आमचं घर आहे. खिडकीशी टेबल, टेबलावर लॅपटॉप, शेजारी चार्जिंगला लावलेले फोन. मी एक वाक्य लिहिते, उठते, खिडकीतून रिक्षावाल्यांची भांडणं बघते, परत बसते आणि आधी लिहिलेलं खोडते. आई म्हणते, "पायाला भिंगरी बांधलीये का गं तुझ्या?" बांधलीच असणार.

मावळातल्या लोकांसाठी इथल्याच काही जणांनी चालवलेली एक वेबसाइट आहे. एसटीच्या वेळा, निधनाच्या बातम्या, इंद्रायणी तांदळाचा भाव, हरवलेल्या गाईंचे फोटो, सगळं त्यावर येतं. त्यातला गेम आणि टेक्नॉलॉजीचा कोपरा माझा. लोकांना वाटतं, हिची मजा आहे, दिवसभर गेम खेळते. अहो, कसली मजा! नवा गेम आला की तो साध्या फोनवर चालतो का, डेटा किती खातो, फोन तापतो का, हे बघायचं. मग असं लिहायचं की कार्ला लेण्यांपाशी स्टॉल लावणाऱ्या काकांना कळलं पाहिजे आणि त्यांच्या नातवानं हसता कामा नये. एवढं करून खाली प्रतिक्रिया काय, तर "ताई, माझा फोन चार्ज होत नाही." लेख असतो भलत्याच विषयावर! डोकं फिरतं माझं. तरी प्रत्येकाला उत्तर देते, कारण नाही दिलं तर तो माणूस मला बाजारात गाठतो.

त्या हिवाळ्यात मी एक अगदी किरकोळ लेख लिहिला होता. गेममध्ये आपला मित्र आत्ता खेळतोय की नाही, हे कसं ओळखायचं? मित्रांची यादी उघडायची. नावापुढे हिरवा ठिपका असेल तर तो खेळतोय, राखाडी असेल तर नाही. संपला लेख. संपादकांना जागा भरायला काहीतरी हवं होतं म्हणून दिला. इतका पांचट की मी तो घरात कुणाला दाखवलासुद्धा नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी अंडीवाल्या मावशी आल्या. त्या आंदर मावळातून जीपनं येतात, आमच्याकडे गावरान अंडी त्यांचीच असतात. एरवी खालूनच आईला हाक मारतात. त्या दिवशी टोपली खाली ठेवून जिना चढल्या आणि थेट माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"ते हिरव्या ठिपक्याचं तूच लिवलंस न्हवं?"

"हो. तुम्ही वाचलंत?"

"का? सातवी शिकलीया मी."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला. भावाच्या मुलानं दिलेला, जुना, काचेला तडा गेलेला. तो माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "ह्यात माजा पोरगा दाव."

मला आधी वाटलं, फोटो उडालेत. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि सांगायला लागल्या. नवरा वारलेला, घरात त्या आणि मुलगा, दोघंच. मुलगा दिवसभर फोनवर गेम खेळायचा. भाताच्या आवणीला बाया लावलेल्या, रोपं उपटून पडलेली, आणि हा बांधावर बसून गेम खेळतोय. "माजं डोस्कंच गेलं, पोरी. हातातनं फोन हिसकला, चिखलात घातला आन वरनं पाय दिला."

"मग?"

"मग काय. तसाच चिखलाच्या पायानं जीपमदी बसून गेला. गेला त्यो गेला."

आवणी झाली, कापणी झाली, भात झोडून घरात आलं, तरी तो आला नव्हता. जुना नंबर बंद. गावातला त्याचा दोस्त एवढंच सांगायचा की तो बरा आहे, एका कंपनीत लागलाय, दुपारी मोकळा असला की गेम खेळतो. कुठं आहे ते सांगायचं नाही, अशी शपथ घातलेली. मावशींनी फारच गयावया केल्यावर त्यानं मुलाचं गेममधलं नाव तेवढं त्यांच्या फोनमध्ये टाकून दिलं होतं.

"मला भांडायचं न्हाई त्याच्यासंगं," त्या म्हणाल्या. "हाय एवढं कळू दे. रोज कळू दे."

मी मनात म्हटलं, कशाला पडतेस यात? आई-मुलाचं भांडण, तू कोण मध्ये? पण हात तोवर फोनवर चालू झाले होते. गेम उतरवला, मावशींचं खातं काढलं. नाव काय घालू विचारलं तर म्हणाल्या, "कायबी घाल, माजं नगं." मी काहीतरी अक्षरं आणि आकडे ठोकून दिले. मुलाचं नाव शोधलं, मैत्रीची विनंती पाठवली, माझ्या खात्यावरूनही एक. त्याला वाटलं असेल कुणीतरी नवा खेळाडू आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही घेतल्या. मावशींचा फोन आला तेव्हा मी दुपारचं जेवत होते. "पेटला!" एवढंच त्या ओरडल्या.

त्यांच्या घरी रेंज नाही. म्हशी चारायला जातात त्या टेकाडावर लागते. तिथं बसून त्या ठिपका बघायच्या. हिरवा झाला की मला मिस्ड कॉल, विझला की परत मिस्ड कॉल. माझं एक काम धड होईना. लेख अर्धा टाकून मीसुद्धा ती यादी उघडायची. ज्या मुलाला मी कधी पाहिलं नाही, तो आज खेळायला उशिरा आला तर माझा जीव टांगणीला! आई म्हणाली, "तुला काय झालंय? जेवणात लक्ष नाही."

काही दिवसांनी मावशींना ठिपका पुरेना. "ह्यो खेळतो तरी काय? मला बी शिकीव."

आता आली का पंचाईत! तो गेम म्हणजे विमानातून बेटावर उडी मारायची, बंदूक शोधायची आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. गड्यांची टोळी करून खेळतात. टोळीतल्यांना एकमेकांचे आवाज ऐकू येतात. मी मावशींना आमच्या टेबलाशी बसवून शिकवलं. डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्यानं वळायचं. त्या एकाच जागी गरागरा फिरायच्या. मी चिडायची, "मावशी, अहो भिंतीत काय घुसताय!" त्या शांतपणे म्हणायच्या, "तुला आवणीला आनते, मग बगू." एक गोष्ट मात्र मी चोख केली. त्यांचा माइक बंद करून दिला आणि बजावलं, हे बटण अजिबात दाबायचं नाही.

मग एका दुपारी मी मुलाच्या टोळीत शिरले आणि मावशींनाही आत घेतलं. मी कामशेतला खिडकीपाशी, त्या टेकाडावर म्हशींमागे, आणि तो कुठंतरी. त्याचा आवाज आला, जाडसर, घाईतला. "चला चला, पलीकडच्या घरात चला." आम्ही गेलो. मावशी गेल्या नाहीत, त्या झाडाला धडकत होत्या. थोड्या वेळानं तो करवादला, "ह्यो कोन येडा हाय रं? येत न्हाई तर खेळतो कशाला?"

खेळ संपल्याबरोबर मावशींचा फोन. मला वाटलं रडत असतील. कसलं काय, हसत होत्या! "वरडला बग माज्यावर! सर्दी झालीया त्याला. नाक चोंदलंय." मला काही सर्दीबिर्दी ऐकू आली नव्हती.

असं बरेच दिवस चाललं. त्याला गोळी लागून तो खाली पडला की बाकीचे पळायचे, आणि मावशी काही झालं तरी त्याच्याकडे जायच्या. जवळ बसून बटण दाबून धरलं की पडलेला गडी उठतो, एवढं त्या पक्कं शिकल्या होत्या. बहुतेक वेळा पोचायच्या आधीच त्यांना गोळी लागायची. तोही मग जरा मवाळ झाला. "भावा, तू ऱ्हा मागं," म्हणायचा. आपल्याला मुलगा भाऊ म्हणतो, यावर मावशी दोन दिवस हसत होत्या.

याच सुमाराला संपादकांना कुठून तरी वास लागला. ते लोणावळ्यात राहतात. सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांमुळे त्यांना घराबाहेर पडता येत नाही, मग ते सगळ्यांना फोन करत बसतात. "अगं, हे लिही ना! असला विषय रोज मिळतो का? सगळा मावळ वाचेल." सगळा मावळ वाचेल म्हणूनच तर लिहायचं नाही! त्या मुलानं वाचलं तर? मी फोनवर भांडले. म्हटलं, तुम्हाला हवं तर फोन तापल्याचे आणखी दहा लेख देते, हा मिळणार नाही. आज लिहितेय ते मावशींनी "लिव आता, नाव तेवढं नगं" म्हटल्यावर.

आणि मग ती दुपार. खेळ रंगात आला होता, आम्ही तिघं एका घरात लपलो होतो. तेवढ्यात माझ्या कानात टेकाडावरचा वारा घुमला. माइक! मावशींचा माइक चालू होता. मी काही करायच्या आत आवाज फुटला, "हाऽऽड! हरबऱ्यात शिरली गं सटवी! फीर, फीर मागं! तुजा मुडदा बशिवला तुजा!"

मग म्हशीची घंटा, धावल्याची धपधप, आणखी शिव्या. मुलाचा खेळाडू घराच्या दारात उभा होता, तो नुसता उभाच राहिला. मग तो खेळातून निघून गेला. संध्याकाळी मावशींचा फोन आला, त्यांच्या यादीत तो नव्हता. माझ्याही नव्हता.

मी फोनवर ओरडलेच. "मावशी, बटण दाबायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना!"

"मीच दाबलं," त्या म्हणाल्या. "किती दिस गप बसू? बोलायचं व्हतं. पैलं काय बोलावं त्येच इचार करत हुते, तवर म्हस शिरली."

इतक्या महिन्यांनी मुलाच्या कानावर आईचा पहिला शब्द गेला तो म्हशीला घातलेल्या शिवीचा. फोन ठेवल्यावर मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा ते धड कळेना. म्हशीचाच, बहुतेक.

पुढच्या बाजाराला मावशी आल्या, अंडी दिली, वर आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याला जीपवाल्याकडे अंडी पाठवून दिली. मला टेबलापाशी बसवेना. लेखात वाक्य लिहावं तर ते मलाच खोटं वाटायचं. एके दिवशी दुपारचं जेवण अर्धं टाकून उठले आणि आंदर मावळाच्या जीपमध्ये कोंबून बसले. आई जिन्यातून विचारत होती, कुठं चाललीस? मला तरी कुठं ठाऊक होतं, जाऊन काय बोलणार ते?

मावशी टेकाडावर होत्या. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. "बस," म्हणाल्या आणि फोन माझ्या मांडीवर टाकला. "ते काडून टाक त्यातलं."

"का?"

"जागा खातंय."

त्यांनी तोंड फिरवून घेतलं. काढून टाकायच्या आधी एकदा उघडावा म्हणून मी गेम उघडला. वर लाल खूण होती. मैत्रीची विनंती. नाव वाचलं, परत वाचलं. त्याचंच होतं. म्हशीच्या प्रसंगानंतर दोन-तीन दिवसांतच त्यानं ती पाठवलेली होती, आणि मावशींनी त्यानंतर गेम उघडलाच नव्हता. इतके दिवस तो पलीकडे वाट बघत बसला होता.

"मावशी," मी म्हटलं. "त्यानं बोलावलंय."

त्यांनी फोन घेतला, स्वतः वाचलं. मग पदराला हात पुसले, एकदा, परत एकदा. "दाबू?"

"दाबा की!"

त्यांनी दाबलं. तो तेव्हा खेळतच होता. हातातला डाव तसाच सोडून आला असावा, कारण लगेच त्यानं मावशींना आपल्या टोळीत घेतलं. टोळी कसली, दोघंच. मी माइक चालू करून दिला आणि जरा बाजूला सरकले. विमान आलं, उड्या पडल्या. मावशींचा खेळाडू उतरला तो गवतात एकटाच उभा. लांबून त्याचा पळत आला आणि समोर थांबला.

"आये," तो म्हणाला.

"आं."

कुठं आहेस, जेवतोस का, कधी येशील, यातलं मावशींनी काहीच विचारलं नाही. ओठ घट्ट मिटून धरले होते. मी मातीत नखं खुपसून बसले होते.

"म्होरं गोळीबार हाय," तो म्हणाला. "माज्या मागनं चाल."

मावशींनी स्क्रीनवर दोन्ही अंगठे ठेवले. मी शिकवलेलं सगळं विसरल्या होत्या. "कंच्या बोटानं रं?" त्यांनी विचारलं. "मला बिगीबिगी न्हाई जमत."

"डाव्या अंगठ्यानं," तो म्हणाला. "सावकाश ये. मी थांबतो."