सातच्या ठोक्याला गरम होणारी गाडी

आर्नफिनला विजेवरची गाडी घेऊन दिली ती त्याच्या लेकीनं, सुन्निवानं. घेऊन दिली आणि गेली निघून ऑस्लोला. तिच्या फोनवरून म्हणे ती इथली गाडी गरम करू शकते. आणि खरंच, रोज सकाळी सात वाजता बाहेर उणे वीस असलं तरी गाडीच्या काचा स्वच्छ आणि सीट उबदार. "उठली बरं का सुन्निवा," तो मला कुंपणावरून सांगायचा. मी त्याची शेजारीण, बोर्गहिल्ड. हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

आमच्या बेर्लेवोगमध्ये, या उत्तर टोकाच्या गावात, कारण नसताना कुणी कुणाला फोन करत नाही. मेली ती सवयच नाही. बायको गेल्यापासून या माणसाची काय विचारपूस व्हायची ती त्या उबदार सीटवर.

दर बुधवारी तो मला गुडघ्याच्या व्यायामासाठी डोंगरापलीकडे तानाला न्यायचा. त्या बुधवारी बाहेर आले तर गाडीवर बोटभर बर्फ, आणि हा शेजारी नुसता उभा. सुन्निवाला काहीतरी झालंय, म्हणाला. मी म्हटलं, मग फोन कर की. तर म्हणे कामाच्या दिवशी तिला कशाला त्रास. अस्सा राग आला मला! मुकाट्यानं काचा खरवडल्या आणि निघालो.

गार बॅटरी भराभर उतरत होती, म्हणून त्यानं हीटर बंद ठेवला. डोंगराच्या फाटकाशी सगळ्या गाड्या थांबल्या होत्या. वारा सुटला की फाटक लावतात, मग बर्फ सारणारी गाडी येते आणि तिच्यामागे रांगेनंच डोंगर ओलांडायचा. गुडघ्यांवर घोंगड्या घेऊन तासभर बसलो. तो नुसता फोन हातात फिरवत होता. शेवटी लावला. ऐकू कमी येतं त्याला, फोनचा आवाज मोठाच असतो, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही. गाडी गार होती आज. म्हटलं, तू बरी आहेस ना."

"गाडी? ते मी कुठे रोज करते, बाबा! घेतली त्याच दिवशी वेळ लावून ठेवलीय. सातला आपोआप होतं. चार्जिंगची केबल नीट बसली नसेल रात्री. बरं, ठेवू? मीटिंग चालू आहे."

"हो हो, ठेव."

तो पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आज उठायला उशीर झाला म्हणे तिला."

मी तोंडावर खरं बोलणारी बाई. सगळं गाव घाबरतं माझ्या जिभेला. मी त्याच्या गुडघ्यांवरची घोंगडी नीट केली.

"होतो रे कधीकधी," मी म्हटलं. "थंडी काय कमी आहे?"