इंद्रधनुष्याला हाकलायला गेले तेव्हा

इंद्रधनुष्य तलावाचं पाणी पितं, हे मला माहेरच्या म्हाताऱ्यांनी शिकवलं होतं. पाण्यासोबत ते मासेही गिळत असणार, ही भर मात्र माझी. अठरा वर्षांची होते. त्या वयात डोकं फार धावतं, कुठे ते त्यालाही ठाऊक नसतं.

पवनीजवळच्या आमच्या गावात घरचा धंदा मासेमारीचा. त्या सकाळीच तलावात मासोळीचं बीज सोडलं होतं, म्हणजे जिऱ्याएवढी पिल्लं. घराचं वर्ष त्यांच्यावर. सगळे बाजाराला गेले आणि राखणीला मी, नवी सून. सासूबाई बजावून गेल्या, "बगळ्याईवर ध्यान ठेवजो."

ठेवलंच. पण दिवस कलता एक सर येऊन गेली, पाठीमागून ऊन पडलं, आणि समोर इंद्रधनुष्याचा पाय सरळ तलावात!

मी बांबू उचलला. "हाड! हाड!" करत कमरेभर पाण्यात शिरले आणि धपाधप पाणी बडवत सुटले. मी पुढे गेले की ते मागे सरके. मला वाटलं, भ्यालं!

तेवढ्यात उडालेल्या पाण्यात, नाकापासून हातभर अंतरावर, एक इवलंसं इंद्रधनुष्य उभं राहिलं. बांबू आपटला की हजर, थांबले की गायब. त्या मोठ्या धनुष्याने पिल्लू घातलं की काय! त्याच्यात हात घातला. बोटं रंगली का, तेही उलटसुलट करून पाहिलं. मग राखण गेली खड्ड्यात, मी नुसती आपटत राहिले.

"काय व, म्हशी धुऊन राहिली का?" तलावाच्या पाळीवर, बांधावर, सासूबाई.

"आत्याबाई, ते आपलं बीज पिऊन राहिलं होतं. हाकललं मी!"

त्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जादा पाणी बाहेर पडतं त्या सांडव्याकडे एकदम पळाल्या. "अवं बयताडे, पाणी बडवूनच तं आपण मासोळी हाकलतो! सारं बीज वाहून जाईन ना!"

खरंच, सांडव्याच्या जाळीशी पिल्लांचा काळा थवा दाटला होता, आणि जाळीची एक गाठ सुटत आलेली. त्यांनी गाठ आवळली. मी ओंजळीनं पिल्लं मागे लोटत राहिले. थवा हळूहळू पांगला.

"गेलं का व काही?" मी रडवेली.

"नाही गेलं. तुयी मेहनत वाया गेली."

मग इकडेतिकडे कोणी नाही बघून त्या हळूच म्हणाल्या, "ते लहानं धनुष्य कसं काढलं व? मले दाखव. इथं नोको, विहिरीवर चाल."