पंकजच्या शिट्टीसाठी थांबलेला कापूस

पंकजला जाऊन आज वर्ष झालं, अन् मी अजून त्याच्यावर जळतो.

त्याच्या डोक्यावर नाही. डोकं त्याला होतंच. तो नागपूरला फिजिक्समध्ये, मी दहावीनंतर गावोगाव. पुलगावला मोबाइल रिपेअरिंग, मग ट्रकवर क्लीनर, मधात सुरत... जाऊ द्या, विषय पंकजचा आहे.

तो कॉम्प्युटरवर आवाजाचं मॉडेल बनवायचा. फटीतून आवाज बाहेर पडला की कुठं मोठा लागेल, कुठं दबेल.

म्हणायचा, "दूरचं बरोबर निघते बे. फटीच्या जवळच सारा घोळ आहे."

मॉडेल तपासायला अशी खोली हवी होती जिथं भिंतीवरून आवाज परत येत नाही.

कॉलेजात नव्हती. आमच्या गावी, आंजीला, त्याच्या घरी होती.

वेचणी झाली की काका, म्हणजे पंकजचे बाबा, पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरत. आत ओरडलं तरी कापूस आवाज गिळून टाकायचा.

मधल्या जागेत जुन्या दाराची दोन कवाडं उभी करायची, हातभर फट ठेवून. पलीकडं स्पीकरवर एकच बारीक शिट्टी. अलीकडं माइक सरकवायला मी.

"निल्या, हलू नको ना बे. तू हलला का रीडिंग हलते."

एका जागी थांबणं माझ्यानं कधी झालंय?

तर जळतो ते यावर. व्यापारी गाडी घेऊन दारात यायचा. भाव चांगला असायचा. अन् काका त्याला सांगत, "पोराचं मोजणं होऊ दे."

शिट्टीसाठी खोलीभर कापूस थांबायचा.

माझ्या बापानं माझ्यासाठी कधी जेवण थांबवलं नाही.

आज वर्षश्राद्धाला गेलो. गावातल्या सगळ्यांचा कापूस विकून झालाय. काकांची खोली तशीच भरलेली.

जेवणं झाल्यावर काका जवळ आले. "तुले येते ना ते शिट्टीचं? एक डाव लाव."

कवाडं उभी केली. पलीकडं मोबाइलवर शिट्टी लावली. काकांना कान फटीच्या समोर धरायला सांगितलं.

मॉडेलमध्ये पंकज दाखवायचा, तिथंच आवाज दबला. काका थोडं मागं सरकले, पुन्हा मोठा झाला.

काका कितीतरी वेळ पुढं-मागं होत राहिले.

"इथं जाते," म्हणाले. "अन् इथं येऊन राह्यली."

मी जागचा हललो नाही.

मग त्यांनी डोळे पुसले अन् व्यापाऱ्याला फोन लावला. उद्या गाडी आण म्हणाले.

कापूस भरायला उद्या मी थांबतो, पंकज.

पण असा बाप तुलाच काऊन भेटला, हे तू सांगून गेला नाई.

रामराम, भाऊ.