दुकानातले पोपट आणि आईचा डोळा

नाशिकच्या एका टीव्ही दुकानदाराने मला फसवलं, आणि माझ्यापेक्षा जास्त माझ्या आईला.

मी पिंपळगावचा कांद्याचा व्यापारी. सुरुवात हातगाडीवर केली. कांद्याच्या ट्रॉलीच्या वरच्या थरावर मी कधी विश्वास ठेवत नाही. माल खळ्यावर ओतल्यावर खालून काय निघतं ते बघतो. टीव्ही घेतानाही तेच केलं. मांडून ठेवलेला नको म्हणालो, गोदामातला सीलबंद खोका समोर फोडायला लावला, तिथेच चालू करून घेतला. पडद्यावर पोपट उडत होते, पीसन् पीस वेगळं दिसावं इतके स्वच्छ. मग भावावरून भरपूर भांडलो, जुना टीव्ही बदल्यात दिला, भिंतीचा स्टँड फुकट उपटला आणि जिंकल्यासारखा घरी आलो.

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. जुन्या छोट्या टीव्हीवर ती तिची मालिका नीट बघायची. नव्या भल्यामोठ्या पडद्यावर त्याच मालिकेतले चेहरे ओल्या कागदावरच्या शाईसारखे फुटले. तिचा दिवाण एका बाजूला, तिथून रंगही फिके. मालिकेच्या वेळी ती नुसती स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागली. फार विचारल्यावर म्हणाली, “डोळा परत गेला रे माझा.”

डॉक्टरांनी तपासून डोळा उत्तम आहे म्हणून सांगितलं. तिला वाटलं, मीच त्यांना तसं बोलायला लावलं. संशयी स्वभाव मी तिच्याकडूनच घेतलाय.

मला पहिला संशय आला की टीव्ही वाटेत बदलला. खोक्यावरचा नंबर टीव्हीवरच्या नंबराशी ताडून पाहिला, बरोबर निघाला. मग केबलचा सेटटॉप बॉक्स काढला आणि थेट दुकान गाठलं. दुकानातल्या सगळ्यात महागड्या टीव्हीला तिथल्या केबलची वायर लावून तो जोडायला लावला. पोपट गेले, तेच फुटके चेहरे आले. टीव्ही बघायला आलेलं एक जोडपं जागीच थबकलं.

दुकानदाराने मला बाजूला घेतलं. पडदा एक नंबर आहे म्हणाला, पण तुमच्या केबलवरचे चॅनल साधे. लहान टीव्हीवर खपून जातात, मोठ्यावर ताणले की फाटतात. दुकानात आम्ही पेनड्राइव्हवरचा पोपटांचा खास व्हिडिओ लावतो.

“हे विकताना का नाही सांगितलं?”

“काका, तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही तर स्टँडचे स्क्रूसुद्धा तपासत होतात.”

ते झोंबलं, कारण खरं होतं. माल मी ओतून पाहिला, पण त्यात चित्र कुठून येतंय ते पाहिलंच नाही. तो सवलत देऊ लागला. मी म्हणालो, “सवलत ठेव तुझ्याकडे. गाडीत बस आणि आईला तुझ्या तोंडाने सांग, की तिच्या डोळ्यात खोट नाही.”

दुकानात गिऱ्हाईक आहे असं सांगून त्याने टाळलं. एचडी चॅनल मी लावून घेतले, दिवाण समोर सरकवला. चित्र सुधारलं, डोळाच गेलाय असं धरून आई मात्र अजून बघायला बसत नाही. पोपट दाखवून टीव्ही विकणाऱ्याने याचा जाब द्यावा, आणि तो मला नव्हे, तिच्यासमोर उभं राहून तिला द्यावा.