दोरीवरचा लाल दोरा

देशाची जर्सी घालून मी परदेशांत भाला फेकला, पण पंचांनी माप घेतलं की दर वेळी वाकून टेप स्वतःच्या डोळ्यांनी बघायचो. पंच वैतागायचे. माझा स्वभावच संशयी. आमचं सोलापुरात धान्याचं दुकान होतं. तराजूच्या पारड्याला कुणाचा अंगठा लागतोय का, हे मला अक्षरओळखीच्या आधी कळायला लागलं.

सत्तरच्या दशकात, कॉलेजात असताना, मी आणि सोलापुरातल्याच भवानी पेठेतला एक विणकराचा मुलगा एकाच भाल्यावर सराव करायचो. एकाने फेकायचा, दुसऱ्याने माप घ्यायचं. टेप नव्हती. त्याने घरच्या सुताची जाड दोरी वळून मीटर-मीटरवर गाठी मारल्या होत्या. पुण्याच्या राज्य निवडीत टिकायला जेवढी फेक लागायची, तेवढ्या अंतरावर लाल दोरा बांधला होता. महिने गेले, दोघांच्याही दंडात जोर आला, तरी फेक त्या दोऱ्याच्या हातभर अलीकडेच पडायची.

मला त्याचाच संशय. माझी फेक मोजताना तो दोरी अशी ताणायचा की मानेच्या शिरा दिसायच्या. "सैल धरली की खोटं माप येतंय," म्हणायचा. मला वाटायचं, हा मला मुद्दाम मागे ठेवतोय. मग त्याच्या पाळीला मीही पाय रोवून ओढायचो. त्याचीही फेक हातभर अलीकडेच भरायची. तेव्हा वाटलं, हा मुद्दाम हात राखून फेकत असणार, पुण्यात खरा जोर काढेल.

पण माप खोटं ठेवून त्याचंच नुकसान होतं, हे मला सुचलं नाही. या वर्षी निवड झाली नाही तर मागावर बसेन, असा शब्द त्याने वडिलांना दिला होता.

पुण्याला निघायच्या दिवशी तो भाला घेऊन स्टेशनवर आला, पण पिशवी नव्हती.

"लाल दोऱ्यापातूर जात न्हाय की रे आपली फेक. कशाला हसं करून घेतोस? मी न्हाय येत."

हा मलाही अडवायला बघतोय असं वाटून माझा संशय पक्का झाला. मी म्हणालो, "तुझी दोरीच खोटी हाय."

त्याने खिडकीतून भाला जपून आत सरकवला आणि गाडी हलेपर्यंत उभा राहिला. कुर्डुवाडीला एका पोलिसाने मला उतरवून घेतलं, भाल्याच्या टोकाचं फडकं सोडून बघितलं आणि कुणाला मारायला निघालोय ते विचारलं. त्याचं मला काही वाटलं नाही. संशयी माणसांशी माझं जमतं.

पुण्यात माझी पहिलीच फेक लागणाऱ्या अंतराच्या बरीच पुढे पडली. मी पंचांना पुन्हा मोजायला लावलं. तेवढीच भरली. माझी निवड झाली, पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. पण तेव्हा आनंदापेक्षा रागच जास्त आला. लबाड सापडला होता. मी पोलादी टेप विकत घेतली आणि सोलापुरात उतरून थेट त्याचं घर गाठलं.

तो मागावर बसला होता. मी खुंटीवरची दोरी काढली, अंगणात मावेल तेवढी पसरली आणि टेप लावली. पहिली गाठ मीटरच्या थोडी पुढे होती. दुसरी आणखी पुढे, तिसरी त्याहून. रोज दोन दांडग्या पोरांनी ओढून ओढून सूत लांबलं होतं, आणि लाल दोरा गुपचूप आमच्यापासून दूर सरकत गेला होता. लबाडी कुणाचीच नव्हती.

तो उठून आला आणि वाकून बघत राहिला.

"म्हंजे माझी बी पोचत व्हती," तो म्हणाला.

"पुढच्या वर्षी जाऊ."

"वडलांना शब्द दिलाय की."

तो आत गेला. मागाची खटखट सुरू झाली. मी अंगणात बसून तीच टेप त्याच गाठींना पुन्हा पुन्हा लावत राहिलो. टेपच्या मापात खोट निघावी असं आयुष्यात त्या एकदाच वाटलं, आणि ती काही निघेना.